तेराव्या वर्षीच्या एक्स-रेत नसलेले दात

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात असं :

मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत. आठवीत असताना दातांची दाटी आणि पुढे आलेले दात यांसाठी तारा लावायचं ठरलं. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढला. मग चार उपदाढा, म्हणजे सुळे आणि दाढा यांच्या मधले दात, काढल्या, वरच्या दोन, खालच्या दोन. दोन वर्षांत काम होईल असं सांगितलं होतं, त्याला आता पावणेतीन वर्षं झाली. दहावीच्या वर्षात तीन-चार महिने डॉक्टरांकडे जाणं झालं नाही. दात काढून राहिलेली खालची उजवीकडची फट चार महिन्यांपासून जागची हलत नाही, म्हणून डॉक्टरांनी नवा ओपीजी काढायला लावला. त्यात खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना, हाडाच्या आत, एकेक नवा दात तयार होताना दिसला. डॉक्टर म्हणतात, हे दात पहिल्या एक्स-रेत नव्हते. आता एकतर सर्जनकडून दोन्ही काढून घ्या, नाहीतर उपचार पूर्ण करू आणि लक्ष ठेवू. वडिलांना वाटतं, डॉक्टर चूक झाकताहेत, डॉक्टर बदलावा. आजी म्हणतात, ऊस तोडला की खोडवा फुटतो, तसे चार चांगले दात उपटले म्हणून हे नवे आले. आईने इंटरनेटवर वाचलं की जास्तीचा दात लगेच काढावा लागतो. तिचे प्रश्न : आम्ही फसवले गेलो का? हेच नवे दात काढलेल्या दातांच्या जागी चालले नसते का? गरोदरपणी घेतलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे तर हे झालं नाही ना? नऊ वर्षांच्या धाकट्या मुलीचाही आताच एक्स-रे काढावा का? मुलाचं म्हणणं पत्रात एकाच ओळीत आहे : 'तो म्हणतो, आता पुरे, तारा काढून टाका.'

ताई,

तुमचं पत्र वाचल्यावर मला आधी त्या गोळ्यांबद्दलच लिहावंसं वाटलं, कारण सगळ्या प्रश्नांमध्ये तोच तुम्ही सगळ्यात हळू आवाजात विचारला आहे. कॅल्शियमच्या गोळ्यांनी जास्तीचे दात येत नाहीत. दातांची संख्या कॅल्शियमवर ठरत नाही. तुम्ही गरोदरपणी काय खाल्लं, काय खाल्लं नाही, त्याचा या दोन दातांशी संबंध नाही. हा प्रश्न आता मनातून काढून टाका.

आता 'हे पूर्वी नव्हते' या वाक्याकडे येऊ, कारण घरातला सगळा ताण त्यावरच आहे. तुमच्या यजमानांना ते सारवासारवीचं वाटणं साहजिक आहे. सोळा वर्षांच्या मुलाला नवीन दात कुठून येणार, असं कुणालाही वाटेल. पण या विशिष्ट जागी, खालच्या उपदाढांच्या आसपास, असं खरोखर होतं. जास्तीचे दात शंभरात साधारण एक ते तीन-चार जणांना असतात, मुलींपेक्षा मुलग्यांत सुमारे दुप्पट. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे वरच्या पुढच्या दोन दातांच्या मध्ये येणारा निमुळता दात. तो लवकर तयार होतो. सात-आठ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात वेळेवर आला नाही, की एक्स-रेत तो सापडतो. उपदाढांच्या जागी येणारे जास्तीचे दात मात्र उशिराचे. नेहमीच्या उपदाढांमध्ये चुना भरायला, म्हणजे त्या टणक व्हायला, वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या आसपास सुरुवात होते. हे जास्तीचे दात त्यानंतर साधारण ७ ते ११ वर्षांनी तयार व्हायला लागतात. हिशेब केलात तर नऊपासून तेरा-साडेतेरापर्यंतचं वय येतं. आणि एक्स-रेत दात दिसतो तो त्यात चुना भरू लागल्यावरच. त्याआधीचा कोवळा अंकुर फार तर एका गोल, काळसर सावलीसारखा दिसतो. पुष्कळदा तेवढाही दिसत नाही.

म्हणजे तेराव्या वर्षीचा एक्स-रे खोटा नव्हता आणि आताचाही खोटा नाही. पहिल्यात त्या दिवशीचा जबडा दिसला, एवढंच. तरीही डॉक्टरांवर डोळे झाकून विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. दोन्ही ओपीजी मागून घ्या. प्रिंट असेल तर प्रिंट, मोबाइलवर फाइल असेल तर मूळ फाइल, फोटोचा फोटो नको. दोन्हींवर तारीख आहे ना, ते पाहा. मग यजमानांना सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांना सांगा, 'दोन्ही एक्स-रे शेजारी ठेवून आम्हाला दाखवा.' चूक झाकणारा माणूस यासाठी सहसा वेळ देत नाही. जो पहिल्या एक्स-रेवर बोट ठेवून 'आता मागे वळून पाहिलं तर इथे किंचित सावली आहे, पण तेव्हा यावरून काही सांगता आलं नसतं' असं म्हणतो, त्याच्याकडे मी माझं मूल निःशंक ठेवीन.

तुमच्या डॉक्टरांबद्दल मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. फट चार महिने हलत नव्हती, तर एक्स-रेला चार महिने का लागले, हे विचारा. भांडायला नको, समजून घ्यायला. मी हे लिहिते आहे कारण माझ्याकडून हीच चूक झाली होती, तीही मोठी. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीची खालची फट बंद होत नव्हती. मी तार बदलली, रबर बदलले, ओढ वाढवली. तिचा दोन वर्षांपूर्वीचा ओपीजी फाइलमध्ये होता, स्वच्छ होता, म्हणून नव्याची गरज वाटली नाही. पाचव्या महिन्यात एक्स-रे काढला तेव्हा वाटेत एक जास्तीची उपदाढ बसलेली दिसली आणि शेजारच्या दाताच्या मुळाचं टोक झिजून गोल झालेलं दिसलं. तो दात आजही तिच्या तोंडात घट्ट आहे, पण ते टोक परत येणार नाही. तेव्हापासून फट दोन भेटींत सरकली नाही, की मी त्या जागेचा छोटा एक्स-रे काढते. तारा लावून दोन वर्षं झालेल्या वाढत्या मुलाचा जुना ओपीजी पुरेसा मानत नाही. ओपीजीतून मिळणारा किरणोत्सर्ग आपल्याला निसर्गातून काही दिवसांत मिळतो तेवढाच असतो. विनाकारण काढू नये, पण कारण असताना घाबरून टाळूही नये.

आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांची खोडव्याची उपमा मी त्यांच्या परवानगीशिवाय इतर आईवडिलांनाही सांगणार आहे, कारण ती निम्मी अगदी बरोबर आहे. बाळ पोटात असताना हिरडीच्या आत पेशींची एक पट्टी तयार होते. तिच्यातून आधी दुधाच्या दातांचे कोंब फुटतात, मग कायमच्या दातांचे. काम झालं की ती पट्टी विरून जाते, पण तिचे बारीक अवशेष मागे राहतात, जमिनीत राहिलेल्या उसाच्या बुडख्यासारखे. काही मुलांत त्यातला एखादा अवशेष पुन्हा जागा होतो आणि नवा दात घडवायला लागतो. इथपर्यंत आजींचं खरं. पण उसाला खोडवा फुटतो तो तोडणीनंतर, आणि दातांना हे लागू नाही. ज्यांचा एकही दात कधी काढलेला नाही, अशांच्या जबड्यातही नेमक्या याच जागी असे दात सापडतात. दात काढल्यामुळे नवा दात येतो, असं दिसलेलं नाही. तुमच्या मुलाच्या चार उपदाढा तशाच ठेवल्या असत्या, तरी हे दोन आले असते, आणि मग आधीच दाटी असलेल्या जबड्यात तीस दातांच्या मागोमाग अक्कलदाढाही रांगेत उभ्या राहिल्या असत्या.

'हेच दात त्या जागी चालले नसते का' या प्रश्नामागे हळहळ आहे, ती मला कळते. चांगले दात काढायला लावले आणि वर निसर्गाने दोन दिले, म्हणजे आपला काहीतरी तोटा झाला, असं वाटतं. पण दात काढले होते ते जागा करण्यासाठी. त्या जागेत पुढचे दात मागे आले, दाटी सुटली. तिथे नवा दात बसवायचा नव्हताच. शिवाय हा नवा दात हाडात खोल, अर्धवट घडलेला असतो. त्याचं मूळ पुरं व्हायला अजून काही वर्षं लागतील. क्वचित, एखाद्या मुलाचा दुसरा दात जन्मतःच नसेल, तर असा जास्तीचा दात काढून त्या जागी रोवला जातो. तुमच्या मुलाला त्याची गरज नाही.

आता निर्णयाकडे. तुम्ही जे वाचलंत, की जास्तीचा दात लगेच काढावा, ते बहुतेक वरच्या पुढच्या दातांमधल्या त्या निमुळत्या दाताबद्दल असावं. तो पटाशीच्या दाताची वाट अडवतो, म्हणून बऱ्याचदा काढावा लागतो. खालच्या उपदाढांजवळचा उशिराचा दात पुष्कळदा कुणालाच त्रास न देता हाडात पडून राहतो. वर्षानुवर्षांनी कुठल्यातरी वेगळ्याच कारणाने काढलेल्या एक्स-रेत तो सापडतो. कधीकधी तो शेजारच्या मुळाला झिजवतो, भोवती पाण्याची पिशवी, म्हणजे सिस्ट, धरतो, जिभेच्या बाजूने अर्धवट डोकावतो, किंवा तारांच्या वाटेत येतो. तेव्हा तो काढावाच लागतो. म्हणून 'जास्तीचा दात काढायचा का?' या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. हा दात, इथे, या दिशेने असताना काय करतो आहे, हे आधी कळायला हवं.

आणि इथे तुम्ही, कदाचित तुमच्या डॉक्टरांनीही, एक गोष्ट गृहीत धरली आहे : दोन्ही दातांचं एकच काहीतरी करायचं. पत्रात तुम्हीच लिहिलंत की उजवीकडची फट अडली आहे. डावीकडची बंद झाली, असं मी धरते, कारण तिची तक्रार नाही. मग एकाच मुलाच्या जबड्यात हे दोन वेगळे प्रश्न झाले. उजवा दात वाटेत असेल, तर तो काढेपर्यंत तिथली ओढ थांबवलेलीच बरी. मुळं एखाद्या टणक वस्तूवर ढकलत राहणं हे सगळ्यात वाईट. डावा दात मुळांपासून दूर, जिभेच्या बाजूला शांत असेल, तर त्याला हात लावायची घाई नको. सर्जन एकाच वेळी दोन्ही काढून टाकू म्हणतील. त्यातही तथ्य आहे, एकच भूल, एकच सूज. पण ती सोय झाली. गरज आहे का, हे वेगळं विचारा.

उजवी फट त्या दातामुळेच अडली, हेही अजून ठरलेलं नाही. दहावीच्या वर्षातले ते तीन-चार महिने मी विसरलेले नाही. भेटी चुकल्या की तारेतली ओढ संपते, रबरं ढिली पडतात, एखादी क्लिप निघालेली असते. कधी दात काढलेल्या जागचं हाडही अरुंद झालेलं असतं. हा दोष मुलाचा नाही, तुमचाही नाही, दहावी सगळ्या घरांत अशीच जाते. पण कारण शोधताना ते वगळायला नको. यासाठीच मी त्रिमिती एक्स-रे, म्हणजे सीबीसीटी, सुचवीन. ओपीजी सपाट असतो. त्यात एकमेकांवर दिसणारी मुळं आणि दात खरोखर चिकटलेले आहेत की एक पुढे, एक मागे आहे, हे कळत नाही. सीबीसीटीत ते दिसतं. त्याचा किरणोत्सर्ग ओपीजीपेक्षा जास्त असतो, म्हणून फक्त खालच्या जबड्याचा, लागेल तेवढाच भाग टिपायला सांगा. तालुक्याला सोय नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जवळपास नक्की मिळेल. सीडी किंवा पेनड्राइव्हवर पूर्ण फाइल घ्या, नुसत्या छापील कागदावर परत येऊ नका.

ती फाइल समोर ठेवून तुमच्या ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे तारा लावणाऱ्या डॉक्टरांना, आणि सर्जनला एकच प्रश्न विचारा, शक्य तर दोघांना एकत्र बसवून : 'उजव्या दातापासून शेजारच्या मुळापर्यंत किती जागा आहे, आणि फट बंद करायला मुळं कुठपर्यंत जायला हवीत?' या उत्तरावर बाकी सगळं ठरतं. सर्जनला आणखी एक विचारा, खालच्या ओठाच्या नसेबद्दल. उपदाढांच्या मुळांच्या जवळ जबड्याच्या हाडाला एक छिद्र असतं. तिथून बाहेर पडणारी नस ओठाच्या आणि हनुवटीच्या त्या बाजूला संवेदना देते. दात काढताना ती दुखावली तर ओठ काही आठवडे, काही महिने, क्वचित कायमचा बधिर राहू शकतो. दात जिभेच्या बाजूला असेल आणि सर्जन त्या बाजूने जाणार असतील, तर त्या बाजूच्या नसेची काळजी घ्यावी लागते. सर्जनने हा धोका स्वतःहून सांगितला, तर त्यांच्याबद्दल तुमचा विश्वास वाढायला हवा. सध्या एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. सोळाव्या वर्षी खालच्या उपदाढांची मुळं पूर्ण झालेली असतात. दहा-अकराव्या वर्षी शेजारच्या कोवळ्या मुळांना धक्का लागण्याची जी भीती असते, ती आता बरीच कमी आहे.

दात अजून लहान असेल आणि अडत नसेल, तर काही सर्जन थांबायला सांगतात. नुसता मुकुट, म्हणजे मुळावरचा भाग, तयार झालेला दात हाडातल्या पोकळीत गोटीसारखा फिरतो, पकडीत येत नाही. थोडं मूळ आलं, दात जरा वर सरकला, की काढणं सोपं होतं. हा सल्ला टाळाटाळ समजू नका. मात्र थांबायचं म्हणजे विसरायचं नव्हे. सहा महिने ते वर्षाने एक्स-रे, आणि तो कुणी, कधी काढायचा हे फाइलवर लिहून घ्यायचं. ओठ बधिर वाटला, त्या बाजूचा दात हलायला लागला, हिरडी फुगली किंवा फट पुन्हा उघडली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही.

काढायचंच ठरलं तर दिवाळीच्या सुट्टीत बसवा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, आठवडाभरात उतरते. टाके काढायला सुमारे आठ दिवसांनी जावं लागेल. आणि आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर पुन्हा कुणावर संशय यायला नको : असे दात काढल्यानंतर काही मुलांत त्याच जागी किंवा शेजारी पुन्हा नवा दात येतो. सगळ्यांना नाही, थोड्यांना. म्हणून तारा निघाल्यावर, रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी, तपासायला जाल तेव्हा, विशीपर्यंत अधूनमधून एक्स-रे काढावा लागेल.

डॉक्टर बदलायचा का? अर्धवट उपचारात डॉक्टर बदलला की नवा माणूस सगळं पुन्हा मोजतो, पैसे पुन्हा लागतात, महिने पुन्हा जातात. दुसरं मत घेणं मात्र वेगळं. ते जरूर घ्या. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात एक्स-रे वाचणारा विभाग, तारांचा विभाग आणि शस्त्रक्रियेचा विभाग एकाच आवारात असतात, फीही परवडते. तुमच्या जवळच्या एखाद्या दंत महाविद्यालयातही हे तिन्ही मिळतील. तुमच्या डॉक्टरांना सांगून जा, लपून जाऊ नका. चांगला डॉक्टर यावर रागावत नाही, रागावला तर यजमानांचं म्हणणं मग विचारात घेऊ.

तुमच्या मुलाला दोनच जास्तीचे दात आहेत आणि बाकी तब्येत ठीक आहे, त्यामुळे मोठ्या आजाराचा विचार मनात आणायचं कारण नाही. पण ज्या घरांत मुलाचे दुधाचे दात पडतच नाहीत, जबड्यात चार-पाच किंवा जास्त दात अडकून आहेत, किंवा मूल दोन्ही खांदे छातीसमोर जवळजवळ टेकवू शकतं, तिथे गळ्याखालच्या हाडांचा एक आनुवंशिक दोष असू शकतो. तसंच जास्तीच्या दातांबरोबर जबड्यावर हाडाच्या गाठी असतील आणि घरात कुणाला तरुणपणी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर फिजिशियनला दाखवा, कारण तिथे आतड्यातल्या गाठींची तपासणी जीव वाचवते. हे मी तुमच्यासाठी लिहीत नाही, वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी लिहिते आहे.

धाकटीचा एक्स-रे आताच नको. जास्तीचे दात घराण्यात चालू शकतात हे खरं, पण नऊ वर्षांच्या मुलीत उशिराचे दात अजून बहुधा दिसणार नाहीत, आणि तुम्हाला खोटा दिलासा मिळेल. तिचे दुधाचे दात वेळेवर पडताहेत, पुढचे दोन्ही बाजूंचे सारखे आलेत, एवढं पाहा. एका बाजूचा दात येऊन सहा महिने उलटले आणि दुसऱ्या बाजूचा आला नाही, तर दाखवा. पुढे तिला तारा लागल्या, तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी भावाची गोष्ट सांगा. तेव्हाच्या एक्स-रेत काही नसलं, तरी मध्ये एकदा पुन्हा पाहायचं, हे त्यांना आधीच कळलेलं बरं.

राहिला तुमचा मुलगा. चार पानी पत्रात त्याला एक ओळ मिळाली, आणि तीही तुम्ही वैतागाच्या यादीत घातली. पावणेतीन वर्षं तोंडात तारा घेऊन तो जेवतो आहे, आता कुणीतरी त्याच्या जबड्याला चिरा द्यायच्या म्हणतं. 'पुरे' म्हणण्यात त्याचं काय चुकलं? त्याला तो एक्स-रे दाखवला आहे का? मुलं स्वतःचा जबडा पाहिला की फार शहाणे प्रश्न विचारतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांशी त्याला बोलू द्या, तुम्ही आणि त्याचे वडील मागे बसा. वरचं काम झालं असेल तर वरच्या तारा आता काढून रिटेनर देता येईल का, हे त्याने विचारावं. उजवीकडचा निर्णय होईपर्यंत खालच्या तारा ओढ न देता नुसत्या धरून ठेवता येतात, त्या काळात महिन्याला खेटा घालावा लागत नाही. हे दोन्ही झालं तर त्याची निम्मी कटकट संपते. उरलेलं तो सहन करील की नाही, ते त्यालाच विचारा, आणि त्याचं उत्तर मला कळवा. सीबीसीटीत उजवीकडे काय निघालं, तेही.